आधी काय माहीत आहे ते लिही, मग कमांड उघड

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, तीन आठवडे ऑटोकॅडवर, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर, बसतोयस. १०० चा चौकोन काढलास की माप ९९.८७ दाखवतं. हॅच मारायला, म्हणजे आतला भाग रेघांनी भरायला, गेलास तर आकृती बंद नाही म्हणतं. नटाचा षटकोन सरांच्या ड्रॉइंगशी जुळत नाही. आणि शेवटी विचारतोस, कमांड कोणत्या क्रमाने पाठ करू?

पाठ करायला बसू नकोस. कमांड हातात आपोआप बसतात, दोन महिन्यांत बोटं स्वतःच चालायला लागतात. तुझ्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: तू आकृती डोळ्याने काढतोयस. माउस नेला, दिसायला बरोबर वाटलं, क्लिक केलं. मी गेली चोवीस वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाचे सुटे भाग आणि लेझर कटिंगच्या जॉबची ड्रॉइंग करतोय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोराला मी पहिले दोन दिवस माउस जवळजवळ वापरू देत नाही. कागद-पेन्सिल देतो आणि एकच काम सांगतो: या आकृतीबद्दल तुला नक्की काय माहीत आहे ते लिही. मध्यबिंदू माहीत आहे? व्यास माहीत आहे? की नुसती कडेची तीन ठिकाणं सापडलीत? ते लिहिलं की कोणती कमांड आणि तिच्यातला कोणता पर्याय हे आपोआप ठरतं. वर्तुळ काढायचे सहा प्रकार मेनूत दिसतात ते पाठांतरासाठी नाहीत. माणसाला कामात सहा वेगवेगळ्या गोष्टी माहीत असू शकतात, म्हणून ते सहा आहेत.

थोडं मागे जातो, कारण हे मला ज्या माणसामुळे कळलं तो कॉम्प्युटरवाला नव्हता. आमचे काका पूर्व भागात चादरीच्या कारखान्यांसाठी जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, ग्राफ भरायचे. मोठा चौकटीचा कागद, त्यावर फूल, मोर, वेल. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे एक बाणा. भरलेलं घर म्हणजे तो धागा उचलायचा, रिकामं म्हणजे खाली ठेवायचा. त्या ग्राफवर गोल कधी खरा गोल नसतो, पायऱ्या-पायऱ्या असतात, आणि त्या पायऱ्या लांबून गोल दिसाव्यात यात काकांची सगळी कला होती. मी कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, शिकायला लागलो तेव्हा मला वाटलं, स्क्रीनवर पण तसंच असणार, ठिपके भरून. तसं नसतं. कॅडच्या फाइलमध्ये रेघ म्हणजे तिच्या दोन टोकांचे आकडे. वर्तुळ म्हणजे मध्यबिंदू आणि त्रिज्या. कंस म्हणजे मध्यबिंदू, त्रिज्या, सुरुवातीचा कोन, शेवटचा कोन. स्क्रीनवरचं चित्र त्या आकड्यांवरून दर वेळी नव्याने काढलेलं असतं. म्हणून खूप झूम केल्यावर वर्तुळ कधी कधी कोपऱ्या-कोपऱ्यांचं दिसतं. घाबरू नकोस, ‘आरई’ टाकून एंटर मार, पुन्हा गोल होईल. फाइलमध्ये ते गोलच होतं.

आता रेघ. मी इथे आकडे मराठीत लिहितोय, कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी टाकायचे. १०० बाय ६० चा आयत रेघांनी काढायचा तर ‘एल’ (लाइन) एंटर, मग ०,० एंटर, मग @१००,० मग @०,६० मग @-१००,० आणि शेवटी ‘सी’ (क्लोज, म्हणजे आकृती बंद कर). @ चा अर्थ ‘मागच्या बिंदूपासून’. तिरकी रेघ हवी तर @१००<३० म्हणजे मागच्या बिंदूपासून १०० लांब, ३० अंशांत. कोन पूर्वेकडून, म्हणजे घड्याळात तीन वाजता काटा असतो तिथून, घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजला जातो. सरळ आडव्या-उभ्या रेघांसाठी एफ८ दाबून ऑर्थो चालू कर, माउसने फक्त दिशा दाखव आणि आकडा टाइप कर. मी स्वतः रोजच्या कामात हेच जास्त वापरतो.

इथे एक गोष्ट पोरांना फार छळते. कॉलेजच्या मशीनवर एक येतं आणि घरच्या मशीनवर दुसरंच. कारण एफ१२ चं डायनॅमिक इनपुट. ते चालू असलं की दुसऱ्या बिंदूपासून पुढे सॉफ्टवेअर स्वतःच @ धरून चालतं. तू १००,६० टाकलंस तर ते मूळबिंदूपासून मोजत नाही, मागच्या बिंदूपासून मोजतं. मूळबिंदूपासून हवं असेल तर आकड्याआधी # लावावं लागतं. बसल्या बसल्या आधी एफ१२ चालू आहे की बंद ते बघायची सवय लाव, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

तुझं ९९.८७ हे नुसत्या क्लिकमुळे आलंय, ते तुला आता कळलंच असेल. पण त्याहून वाईट एक प्रकार आहे: माप १०० दाखवतं आणि असतं ९९.९६. युनिट्समध्ये दशांशाची घरं शून्य ठेवली की सॉफ्टवेअर सगळं पूर्णांकात दाखवतं, चूक झाकली जाते. शिकत असेपर्यंत चार घरं ठेव. १००.००००च दिसलं पाहिजे.

‘सी’ने बंद करायला का सांगतो? कारण शेवटची रेघ पहिल्या बिंदूजवळ नेऊन अंदाजाने क्लिक केलीस तर मध्ये केसाएवढी फट राहते. डोळ्याला दिसत नाही, हॅचला दिसते. आणि शक्य तिथे चार सुट्या रेघांऐवजी ‘आरईसी’ने आयत काढ किंवा ‘पीएल’ने पॉलिलाइन. ती एक अखंड वस्तू असते. एकदा क्लिक केलं की पूर्ण निवडली जाते, ऑफसेट केली (ठरावीक अंतरावर समांतर प्रत काढली) तर चारही बाजूंची प्रत एकदम आत येते, प्रॉपर्टीजमध्ये ती बंद आहे की उघडी हे लिहिलेलं सापडतं. आयताच्या कमांडमध्ये कोपरे गोल करायचा फिलेट पर्याय आहे, चांगला आहे, पण तो लक्षात राहतो. दहाची त्रिज्या दिलीस की पुढचे सगळे आयत गोल कोपऱ्यांचे येत राहतात, आणि पोरं म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. पुन्हा फिलेटमध्ये जाऊन शून्य द्यायचं.

ऑब्जेक्ट स्नॅप, म्हणजे कर्सर नेमक्या बिंदूला चिकटवायची सोय, याबद्दल माझं मत ठाम आहे: सगळे चालू ठेवू नकोस. टोक, मध्य, केंद्र आणि छेदनबिंदू एवढे चार माझ्याकडे कायम चालू असतात. बाकी लागतील तेव्हा शिफ्ट धरून राइट क्लिक. विशेषतः ‘निअरेस्ट’ बंद ठेव. तो रेघेवर कुठेही चिकटतो, तुला वाटतं टोक पकडलं, आणि खरं तर टोकापासून थोडं अलीकडे पकडलेलं असतं. तुझ्या हॅचच्या तक्रारीत याचा हात असण्याची शक्यता बरीच आहे.

वर्तुळात पहिली चूक त्रिज्या आणि व्यासाची. कारखान्यात सगळे व्यासात बोलतात. ‘दहाचं भोक’ म्हणजे व्यास दहा. आणि वर्तुळाची ‘सी’ कमांड (सर्कल) मध्यबिंदूनंतर त्रिज्या मागते. ६२०४ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७. तू ४७ टाकलंस तर ९४ चं वर्तुळ येईल, ते निदान डोळ्यात भरेल. पण एम६ च्या आट्यासाठी ५ चं भोक काढताना ५ टाकलंस तर १० चं होईल आणि मोठ्या प्लेटवर ते पटकन लक्षातही येणार नाही. मध्यबिंदू दिल्यावर ‘डी’ एंटर आणि मग आकडा. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी ही एक सवय सक्तीने लावतो.

आता मध्यबिंदू माहीतच नसेल तर? हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि कामात रोज येतं. मागाची पुली तुटली, माणूस तिचा तुकडा पिशवीत घालून आणतो आणि म्हणतो अशीच पाहिजे. व्यास कुणालाच माहीत नाही, आस कुठे होता तेही नाही. अशा वेळी तुकड्याच्या कडेवर दोन टोकं घ्यायची, त्यांच्यामधलं सरळ अंतर मोजायचं आणि त्या सरळ रेघेपासून कड मधोमध किती वर आली ते मोजायचं. समज अंतर १२० आणि उंची २०. मग १२० ची रेघ काढ, तिच्या मध्यावरून २० वर जा, आणि वर्तुळाच्या ‘३पी’ पर्यायाने दोन टोकं आणि तो वरचा बिंदू दे. त्रिज्या १०० येईल. हिशेबाने पडताळायचं तर अंतराचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा: १४४०० भागिले १६०, ते ९०, अधिक १०. बरोबर १००.

पण हे लक्षात घे, उंची २० ऐवजी १९.५ मोजली असतीस तर त्रिज्या १०२ च्या वर गेली असती, म्हणजे व्यासात ४ मिलिमीटरचा फरक. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीला चारची शिक्षा. सॉफ्टवेअरने तुला तीन बिंदूंतून जाणारं अचूक वर्तुळ दिलं, पण बिंदू तुझे होते. म्हणून तुकड्याची टोकं जितकी लांब घेता येतील तितकी घ्यायची, उंची व्हर्नियरनेच मोजायची, तीन वेळा मोजायची. आणि व्यासाचा आलेला आकडा २०२.३ असेल तर बाजारात कुठली पुली मिळते ते आठवून बघायचं.

कंसाच्या कमांडवर मी वेळ घालवत नाही. मेनूत अकरा प्रकार आहेत, मी दोन वापरतो. कंस सहसा घड्याळाच्या उलट दिशेने जातो एवढं लक्षात ठेव, म्हणजे दाराचा कंस भिंतीच्या भलत्या बाजूला का उघडला ते कळेल: सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल झालेली असते. बाकी बहुतेक ठिकाणी पूर्ण वर्तुळ काढून नको तो भाग ट्रिम करणं सोपं आणि कमी चुकीचं.

षटकोनावर मात्र थांबतो, कारण इथे मी पैसे भरलेत. ‘पीओएल’ (पॉलिगॉन, बहुभुज) दिल्यावर बाजू विचारतात, मग मध्यबिंदू, आणि मग एक प्रश्न येतो: इन्स्क्राइब्ड की सर्कमस्क्राइब्ड? पहिल्यात षटकोन वर्तुळाच्या आत बसतो, म्हणजे तू दिलेली त्रिज्या केंद्रापासून कोपऱ्यापर्यंत धरली जाते. दुसऱ्यात षटकोन वर्तुळाला बाहेरून टेकतो, म्हणजे त्रिज्या केंद्रापासून सपाट बाजूपर्यंत. आता फिटर नट कशाने ओळखतो? पान्याने. ‘१९ चा नट’ म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर १९. म्हणजे तुला सपाट बाजू माहीत आहे, कोपरा नाही. तेव्हा सर्कमस्क्राइब्ड, त्रिज्या ९.५. असं केलंस तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २१.९४ येईल, हे मोजून बघ.

माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी एका कारखान्यासाठी मी चाळीस प्लेटांचं ड्रॉइंग केलं होतं. प्रत्येकात १९ चा नट अडकून बसेल असा षटकोनी खाचा हवा होता. घाईत जो पर्याय आधीपासून निवडलेला होता, इन्स्क्राइब्ड, त्यावरच एंटर मारलं आणि ९.५ दिलं. स्क्रीनवर छान षटकोन दिसत होता. चाळीसच्या चाळीस प्लेटा कापून आल्या आणि एकातही नट जाईना. मोजलं तर सपाट बाजूंमधलं अंतर १६.४५. सुदैवाने खाचा लहान होता, पुन्हा कापून मोठा करता आला, पण कापण्याचा दुसरा खर्च मी दिला आणि माल चार दिवस उशिरा गेला. मालक काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी एकही बहुभुज माप न टाकता पुढे पाठवलेला नाही. आणि हो, खाचा करताना नेमका १९ ठेवायचा नसतो, नट जायला थोडी सूट लागतेच. किती, ते पत्र्याच्या जाडीवर आणि मशीनवर ठरतं, कापणाऱ्याला विचारायचं.

स्पर्शरेषा तू विचारली नाहीस, पण पुढच्या सत्रात येणारच. आपल्या सोलापुरात कॅमशाफ्ट बनतात. कॅम म्हणजे फिरता फिरता वरचा भाग उचलणारी चकती, मागाच्या टॅपेटचं तत्त्वही तेच. सरावासाठी साधा कॅम काढ: १८ त्रिज्येचं खालचं वर्तुळ, त्याच्या केंद्रापासून २० वर ६ त्रिज्येचं छोटं वर्तुळ, आणि दोघांना दोन्ही बाजूंनी टेकणाऱ्या दोन रेघा. रेघ सुरू करताना बिंदूऐवजी ‘टॅन’ टाइप कर आणि मोठ्या वर्तुळावर साधारण जिथे टेकेल तिथे क्लिक कर, मग पुन्हा ‘टॅन’ आणि छोट्या वर्तुळावर. पहिल्या क्लिकला रेघ सुरू झालेली दिसत नाही, दचकू नकोस. दुसरं वर्तुळ कळल्याशिवाय नेमकं कुठे टेकायचं हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून ते थांबून राहतं. हे ‘अंदाजे’ डोळ्याने करणारे मी पाहिलेत. रेघ वर्तुळाला किंचित कापत जाते आणि ट्रिम केल्यावर तिथे बारीक ठेच राहते. त्या ठेचेवर कॅमवरचा रोलर दर फेरीला आदळेल. उचल किती मिळाली ते काढ: २० अधिक ६ वजा १८, म्हणजे ८. खऱ्या इंजिनाच्या कॅमचा आकार असा नसतो, तो अंशाअंशाला हिशेब करून येतो, पण हात बसायला हा पुरेसा आहे.

‘काय माहीत आहे ते सांग’ ही कल्पना माझी नाही, कॅडच्या जन्मापासूनची आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत स्केचपॅड केलं, त्यात प्रकाशलेखणीने ओबडधोबड आकृती काढायची आणि मग या रेघा समांतर, या सारख्या लांबीच्या अशा अटी घालायच्या, यंत्र आकृती सरळ करून देई. ऑटोकॅड आलं १९८२ ला. आजच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं स्केच त्याच अटींवर चालतं. फ्रीकॅड फुकट आहे, घरच्या कॉम्प्युटरवर घाल. त्यात रेघा वेड्यावाकड्या काढ आणि एकेक अट घालत जा. सगळं ठरलं की स्केच हिरवं होतं. हिरवं झालं नाही म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलंय. नवख्यासाठी यासारखा मास्तर नाही.

फाइल कापायला देण्याआधीच्या दोन-तीन गोष्टी. एकाच जागी दोन रेघा एकमेकींवर पडलेल्या असतात, दिसतात एक; लेझर तीच जागा दोनदा जाळतं. ‘ओव्हरकिल’ चालव, ती अशा जादा रेघा काढून टाकते. लंबवर्तुळ शक्यतो टाळ, जुनी मशीनं त्याचे बारीक बारीक तुकडे करतात. आणि डीएक्सएफ (कापायला द्यायची फाइल) पुन्हा उघडून एक तरी माप मोज, कारण इंच-मिलिमीटरची गल्लत झाली की सगळं २५.४ पट होतं.

आता सरावाचा जॉब. प्लेट १२० बाय ८०, डावा खालचा कोपरा ०,० वर, चारही कोपरे १० त्रिज्येने गोल. मधोमध ६०,४० वर ४७ व्यासाचं भोक, ते वरचं ६२०४ बेअरिंग. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही कडांपासून १५ वर ९ व्यासाची भोकं. खालच्या दोन कोपऱ्यांत तशाच जागेपासून आतल्या बाजूला आडवे लांबट स्लॉट, रुंदी ९, एकूण लांबी २१. स्लॉटमध्ये काय माहीत आहे ते आधी लिही: एकूण लांबी २१ आणि रुंदी ९, म्हणजे दोन टोकांच्या वर्तुळांच्या केंद्रांमधलं अंतर १२. डावीकडचा स्लॉट १५,१५ पासून २७,१५ पर्यंत. ९ व्यासाची दोन वर्तुळं, वरून आणि खालून क्वाड्रंटपासून (वर्तुळाच्या सगळ्यात वरच्या किंवा खालच्या बिंदूपासून) क्वाड्रंटपर्यंत रेघा, आतले अर्धे ट्रिम, मग जोडून एक पॉलिलाइन. उजवीकडचा परत काढायचा नाही, मधल्या उभ्या रेघेवर मिरर.

झालं की सगळ्याचं ‘रीजन’ (बंद आकृतीचा सलग भाग) कर, बाहेरच्या आकृतीतून आतली भोकं आणि स्लॉट ‘सबट्रॅक्ट’ (वजा) कर आणि क्षेत्रफळ बघ. रीजन होतच नसेल तर कुठेतरी फट आहे, ती शोध. क्षेत्रफळ ७३०८.७५ चौरस मिलिमीटर यायला हवं. ६ मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्यात ही प्लेट साधारण ३४४ ग्रॅम भरेल. ७३९४.५९ आलं तर कोपरे गोल करायचे राहिलेत. ७३०८.७५ हून पुष्कळ कमी आलं तर कुठल्यातरी भोकात त्रिज्येच्या जागी व्यास टाकला आहेस. फाइल पाठव, मी उघडून बघतो.